फुकटचा वॉचमन

वीकेंडला अलिबागला जाताना वडखळला वडापाव खायला थांबता ना? मग याच रायगडातला किस्सा ऐका. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ व्हायरसने जेएनपीटीतलं मर्स्क ग्रुपचं टर्मिनल ठप्प केलं होतं. मग आपल्या घरच्या पीसीचं काय?

टेन्शन नको! विंडोजमधलाच फुकटचा डिफेंडर रोजच्या वापराला पुरतो. दुसरा फ्री अँटिव्हायरस घेताना मात्र प्रायव्हसी सेटिंग्ज बघा. ब्राउझिंग डेटा विकल्याप्रकरणी अवास्टला अमेरिकेत २०२४ मध्ये १.६५ कोटी डॉलर मोजावे लागले.

आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आपणच घरात घेतलं, तर वॉचमन बिचारा काय करणार? विंडोज अपडेट करत राहा. फोटोंची कॉपी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. पीसी पुन्हा घेता येतो, फोटो नाही.