भयानक आणि बीभत्स

साठी उलटलेल्या, संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेल्या शाळामास्तरास भुताखेतांच्या व परग्रहांवरील प्राण्यांच्या चित्रपटांचा शौक असावा, हें आमच्या पुष्कळ स्नेह्यांस विचित्र वाटतें. आमच्या मतें त्यांत विचित्र असें कांहींच नाहीं. भरतमुनींनीं नाट्याचे जे आठ रस सांगितले, त्यांत भयानक आणि अद्भुत हे दोन्ही आहेत. आपल्या रंगभूमीनें या दोघांची फारशी विचारपूस केली नाहीं; ती पाश्चात्त्य चित्रपटकारांनीं केली, तर त्यांची करामत पाहण्यांत रसिकास कमीपणा तो कसला?

घराघरांतला आक्षेप मात्र निराळा असतो. हल्लीं मुलें रात्रीं मोबाइलवर जें पाहतात, त्यानें आया धास्तावतात आणि भयपट म्हटला कीं सरसकट बंदी घालतात. ही बंदी आम्हांस अन्यायाची वाटते, कारण तींत दोन भिन्न वस्तूंची गल्लत होते. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. एकानें अंगावर कांटा येतो, दुसऱ्यानें मळमळतें.

१९३१ सालचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ घ्या. मेरी शेलीबाईंची मूळ कादंबरी १८१८ सालची. तिजवरून जेम्स व्हेल यांनीं हा बोलपट केला. प्रेतांचे अवयव जोडून घडविलेल्या राक्षसाचें काम बोरिस कार्लॉफ यांचें. आरंभींच्या नामावळींत त्यांच्या नांवाच्या जागीं केवळ एक प्रश्नचिन्ह आहे. राक्षसास वाचा नाहीं. छपराची झडप उघडून त्याच्यावर प्रथम उजेड पडतो, तेव्हां तो उजेड धरावयास तो दोन्ही हात वर करितो. झडप मिटते, आणि ते रिकामे हात तसेच पुढें राहतात. पुढें तळ्याकांठीं एक लहान मुलगी न भितां त्याला फुलें देते. दोघें एकेक फूल पाण्यावर टाकून तें तरंगतांना पाहतात. फुलें संपतात, तेव्हां मुलगीही तशीच तरंगेल या समजुतीनें तो तिला उचलून पाण्यांत टाकतो, आणि ती वर येत नाहीं असें दिसतांच भांबावून पळत सुटतो.

अमेरिकेंतील सेन्सॉरांनीं हा शेवट कापावयास लावला. मग राक्षस मुलीकडे हात नेतो येथेंच दृश्य तुटूं लागलें, आणि पुढें एकदम बाप मुलीचें प्रेत हातांवर घेऊन गांवांतून चालत येतांना दिसूं लागला. मधल्या वेळांत काय घडलें असेल, याविषयीं प्रेक्षकाच्या मनांत जें येई, तें कापलेल्या तुकड्याहून कितीतरी ओंगळ असे. कातरीनें भय गेलें नाहीं. गेला तो करुण. अजाण जीव नराधम ठरला. तो तुकडा पुढें १९८० नंतरच्या दशकांत पुनः जोडण्यांत आला. आपल्या घरांतही अर्धवट झांकलेली वस्तु मुलें स्वतःच्या कल्पनेनें पुरी करितात, हें आयांनीं ध्यानांत घ्यावें.

कोणी संस्कृतज्ञ वाचक येथें आम्हांस अडवील कीं, भरतांनींच बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ति सांगितली आहे. खरें आहे, आणि रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) इतकें त्याचें चोख उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. अवकाशयानांतील मंडळी जेवावयास बसली असतां एकाची छाती फोडून तो परजीवी प्राणी बाहेर पडतो. हा निव्वळ बीभत्स. परंतु त्यानंतर तो प्राणी बहुतेक वेळ अंधारांत, नळ्यांच्या जंजाळांत दडलेला असतो, आणि जेवणाच्या टेबलावर पाहिलेलें तें दृश्य प्रेक्षकाच्या मनांत भयाचें काम करीत राहतें. बीभत्स येथें विरजणापुरता आहे. याच्या उलट २००४ सालीं सुरू झालेली ‘सॉ’ ही चित्रपटमालिका. पहिल्या चित्रपटांत निदान कोडें तरी होतें. पुढें एक छळयंत्र संपलें कीं दुसरें, असा क्रम लागला. चव येईना म्हणून मूठ मूठ तिखट टाकणाऱ्या आचाऱ्याची ही रीत! मुलांस हें दाखवूं नये, याविषयीं आमचा आयांशीं मतभेद नाहीं.

मुलांसह पाहावयाचें असल्यास ‘द ट्वायलाइट झोन’ ही रॉड सर्लिंग यांची जुनी अमेरिकन दूरचित्रवाणीमालिका (१९५९-६४) आम्ही सुचवूं. त्यांतही १९६० सालचा मेपल स्ट्रीटचा भाग. एका शांत आळींतील दिवे, टेलिफोन, मोटारी एकाएकीं बंद पडतात. एक मुलगा गोष्टींत वाचलेलें सांगतो कीं, परग्रहवासी आधीं मनुष्यरूपानें एक कुटुंब पाठवितात. झालें! ज्याची मोटार आपोआप सुरू झाली, तो संशयित. झोंप येत नाहीं म्हणून तो रात्रीं आकाशाकडे पाहात उभा असतो, हाही त्याच्याविरुद्ध पुरावा. कालपर्यंतचे शेजारी एकमेकांवर उठतात, आणि अंधारांतून परतणाऱ्या आपल्यांतल्याच एकावर गोळी झाडली जाते. परग्रहवासी खरोखरच जवळच्या टेंकडीवर असतात. परंतु दिवे मालविणें आणि लावणें यापलीकडे त्यांना कांहींच करावें लागत नाहीं. सारा भाग सुमारें पंचवीस मिनिटांचा आहे. रात्रीच्या जेवणानंतर आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं एकत्र बसून पाहावा. दिवे मात्र चालू ठेवावे.