विश्लेषण : जगात एकाच खोऱ्यात उगवणाऱ्या गवताचा ‘दर्जा’ अमेरिकेने का बदलला?

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमध्ये युरेका खोरं आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्या जवळपास २०० मीटर उंच. फळीवर उभं राहून घसरायला याहून चांगली जागा कुठली? पण तिथे सँडबोर्डिंगला बंदी आहे. घोडे आणि गाड्याही चालत नाहीत. कारण एक गवत.

‘स्वॅलेनिया अलेक्झांड्री’ हे त्याचं शास्त्रीय नाव. हे गवत जगात फक्त या खोऱ्यात, वाळूच्या तीन पट्ट्यांवर उगवतं. स्वॅलेनिया या प्रजातीत ही एकच जाती आहे. म्हणजे हे गवत संपलं, तर त्याच्या प्रजातीत मागे कोणीच उरणार नाही.

सरकत्या वाळूत ते टिकतं कसं?

त्याची पानं ताठ आणि टोकदार असतात. वाऱ्याने येणारी वाळू पुंजक्यात अडकते आणि उंचवटा तयार होतो. गवत गाडलं गेलं की नवे कोंब वर काढतं. हराळीसारखं चिवटच म्हणा ना! पण ही चिवटाई वाऱ्यापुढची. चाकाखाली किंवा फळीखाली कोंब मोडतात, कोवळी रोपं उपटली जातात.

दर्जा बदलला म्हणजे गवत वाचलं का?

वाळूवर गाड्या उडवण्याच्या हौसेमुळे १९७८ मध्ये हे गवत ‘नष्ट होण्याच्या धोक्यात’ असलेल्या जातींच्या यादीत गेलं. १९९४ मध्ये खोरं नॅशनल पार्कमध्ये आलं. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने हे गवत आणि त्याच टेकड्यांवरचं प्रिमरोजचं फूलझाड, दोन्ही यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. २०१८ च्या अंतिम निर्णयात फूलझाड बाहेर पडलं. गवत मात्र यादीतच राहिलं, फक्त एक पायरी खाली. आज लगेच नाही, पण नजीकच्या भविष्यात ते धोक्यात येऊ शकतं, असा या पायरीचा अर्थ.

‘गवत वाचलं’ असं म्हणणं त्यामुळे घाईचं ठरेल. गाड्या थांबल्या, हे यश खरंच मोठं आहे. पण तीनच पट्ट्यांवर जगणाऱ्या वनस्पतीला दुसरीकडे सरकायला जागा नाही आणि पाऊसपाणी नियमाने आणता येत नाही. शिवाय या टेकड्यांपर्यंत कच्च्या रस्त्याने जावं लागतं. इतक्या आडजागी रोज पहारा ठेवणं अवघडच.

टेकडी पायी चढायला मात्र परवानगी आहे. फक्त गवताचे पुंजके टाळून.