पेपर काढणारा पुढारी

उलव्यात फ्लॅट बघायला जा, एजंट पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य टाकतोच, 'सर, प्लॉट साडेबारा टक्क्यांतला आहे.' आपण मान डोलावतो आणि कार्पेट एरिया विचारतो. तर मंडळी, हे साडेबारा टक्के म्हणजे होम लोनचा रेट नव्हे. सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, त्याविरुद्ध जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून जमिनी गेलेल्यांना विकसित भूखंड परत देण्याची ही योजना निघाली. नेते होते दि. बा. पाटील. विमानतळाच्या नावावरून जे रण पेटलं, त्यामुळे हे नाव आता उलव्यात कालच राहायला आलेल्यालाही माहीत असतं.

पण दि. बां.च्या पन्नास वर्षं आधी, याच जिल्ह्यात (तेव्हा कुलाबा, आता रायगड) आणखी एक पाटील होऊन गेले. त्यांचं नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकलंय. नारायण नागू पाटील, लोकांचे आप्पासाहेब. जन्म 1892, मृत्यू 1968.

तेव्हा इथे खोतांचं राज्य होतं. शेत कसायचं कुळाने, पिकाचा मोठा वाटा न्यायचा खोताने, वर वेठ वेगळी. आप्पासाहेबांनी कुळांना एकत्र केलं आणि 27 ऑक्टोबर 1933 ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात ठरलं, या अटींवर शेती करायची नाही. आजूबाजूची पंचवीसेक गावं सामील झाली. शेतं पडीक राहिली. एक हंगाम नाही, दोन नाही, 1939 पर्यंत!

जरा विचार करा, बॉस. सॅलरी चार दिवस लेट झाली की आपण एचआरला तीन मेल टाकतो. इथे सहा वर्षं घरात स्वतःच्या शेताचा दाणा आला नाही. जंगलातलं लाकूड तोडायचं, विकायचं, त्यावर चूल पेटवायची. बायकांनी हे कसं निभावलं असेल, त्यावर एक अख्खं पुस्तक व्हायला हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1934 मध्ये चरीला आले, कुळांच्या बाजूने उभे राहिले, आणि सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं बिल मांडलं.

त्याच 1937 मध्ये, संपाच्या चौथ्या वर्षी, आप्पासाहेबांनी काय काढलं असेल? पेपर! नाव 'कृषीवल'. शेतकरी असाच अर्थ, पण शब्द इतका संस्कृत की चिखलात लावणी करणाऱ्याला तो आपल्याबद्दल आहे हे कळलं असेल का, देव जाणे.

आपल्याला उलटा क्रम सवयीचा आहे. कालपर्यंत चॅनेलवर प्रश्न विचारणारा चेहरा आज तिकीट घेऊन हात जोडतो. इथे पुढारी आधी, संपादक नंतर. आता तुम्ही म्हणाल, पुढाऱ्याचा पेपर म्हणजे पॅम्फ्लेटच की! आक्षेप बरोबर आहे. ज्याने संप पुकारला, त्यानेच संपाची बातमी लिहायची, मग चुकलेलं कोण छापणार? पण मला त्यात एक गोष्ट आवडते. पेपर कुणाच्या बाजूचा आहे, हे नावातच लिहिलेलं होतं. 'तटस्थ' म्हणत कुणाची तरी बाजू घेणारे पेपर आपण काय कमी वाचतो? आणि उपाशी गावाला सहा वर्षं एकजूट ठेवायची, तर शेजारच्या गावात काय चाललंय ते कळायला नको? व्हॉट्सअॅप ग्रुप थोडाच होता.

संप संपला तो कुळांना संरक्षण मिळेल या सरकारी आश्वासनावर. 1939 मध्ये कुळ कायदा आला, मग त्याची जागा 1948 च्या कायद्याने घेतली. 1949 मध्ये खोती रद्द करणारा कायदाही झाला. आप्पासाहेबांचे चिरंजीव दत्ता पाटील पुढे शेकापचे आमदार झाले, 1980 च्या दशकात विधानसभेत विरोधी पक्षनेतेही. म्हणजे घराणं आलंच. कुळांच्या हक्कांसाठी भांडलेल्या घरातही राजकारण वारशाने यावं, हे मला थोडं खटकतं. पण दि. बा. त्याच शेकापचे होते, आणि जमिनीसाठी भांडायची सवय या पट्ट्यात एका रात्रीत आलेली नाही.

'कृषीवल' आजही अलिबागहून निघतो. पुढच्या वीकेंडला किहीम-नागावला जाल, तेव्हा नाक्यावर एक अंक घ्या.