तंबूच्या दाराबाहेरील कंदील

गेल्या पौषांत आमच्या घरची तरुण मंडळी भंडारदऱ्याच्या जलाशयाकांठीं तंबू ठोकून दोन रात्री राहावयास निघाली, तेव्हां माळ्यावरचा जुना प्रभाकर कंदील त्यांनीं मोठ्या हौसेनें खालीं काढला. हाताशीं विजेऱ्या असतांना हा खटाटोप कशाला, असें आम्हीं विचारलें. पण कऱ्हाडजवळील ओगलेवाडीस तयार झालेला हा कंदील आजोबांच्या वापरांतला, त्याची शांत, पिवळी ज्योत कांहीं निराळीच, हें त्यांचें म्हणणें आम्हांसही पटलें व आम्ही त्यांजबरोबर गेलों.

हा कंदील वाऱ्यांत कां विझत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्याच्या दोन्ही अंगांच्या नळ्या केवळ शोभेसाठीं नाहींत. वरच्या टोपीजवळ शिरलेली थंड हवा त्या नळ्यांतून खालीं उतरून वातीस बेतानें मिळते. वाऱ्याचा झोत थेट ज्योतीवर येत नाहीं. १८६० ते १८७० ह्या दशकाच्या अखेरीस जॉन आयर्विन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें नळ्यांची ही युक्ति काढली व पुढें तींत सुधारणा होत गेली.

रात्रीं थंडी वाढली. तंबूचीं दारें घट्ट बांधून, वात बारीक करून, कंदील उशाशीं ठेवला गेला. आम्हांसही त्यांत कांहीं गैर वाटलें नाहीं, हें कबूल करणें भाग आहे. वाड्याच्या माजघरांत रात्रभर बारीक कंदील जळत असे. त्याच भरंवशावर आम्ही निजलों. पहाटे धाकटा पुतण्या "काका, डोकें फार दुखतें, मळमळतें आहे" म्हणूं लागला. आमचेंही डोकें जड झालें होतें. कसेंबसें दार उघडून सर्वांस बाहेर काढलें, आणि उजाडतांच डॉक्टरांकडून तपासून घेतलें. सुदैवानें निभावलें.

दोष कंदिलाचा नव्हता. कोंडलेल्या जागीं जळणाऱ्या ज्योतीस हवा अपुरी पडली, कीं कार्बन मोनॉक्साईड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट जोरानें जडतो. निजलेला मनुष्य जागा न होतांच दगावतो. माजघरास कौलांच्या फटी होत्या, झरोके होते. आजच्या तंबूच्या कापडास त्या नसतात. वात बारीक केल्यानें हा धोका टळत नाहीं. शिवाय तें कापड ज्योतीच्या आंचेनें वितळतें व पेटतें.

म्हणून कंदील तंबूंत नेऊं नये, हा पहिला नियम. रॉकेल दिवसाउजेडीं, कंदील थंड असतांना, नरसाळ्यानें व कांठोकांठ न भरतां घालावें. पेट्रोल चुकूनही घालूं नये. त्याची वाफ साध्या हवेंतही पेट घेते. वातीचे कोपरे किंचित् गोल कापावे, म्हणजे काचेवर काजळी धरत नाहीं.

दुसऱ्या रात्रीं पुतण्यानें तिन्हीसांजेस काच राखेनें पुसून लख्ख केली आणि कंदील तंबूपासून चार पावलांवर सपाट दगडावर ठेवला. त्याच्या उजेडांत गप्पा रंगल्या. निजावयाच्या वेळीं त्यानेंच तो विझविला आणि विजेरी घेऊन आंत आला.