शिंगे रंगवण्याआधी शिंगे पाहा

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. दुसऱ्या दिवशी बैल धुतात, शिंगांना हिंगूळ लावतात, बेगड चिकटवतात. वर्षभरात शिंगांवरून इतके हात कधी फिरत नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे की, बैलाची शिंगे तपासण्याचा दिवसही हाच असावा.

शिंगाचाही कर्करोग होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इतर देशांत क्वचित दिसणारा हा रोग भारतात बराच आढळतो. गायींपेक्षा तो खच्ची केलेल्या बैलांत अधिक होतो, आणि बहुधा ५ ते १० वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयात. शिंग आतून पोकळ असते व ती पोकळी कपाळाच्या हाडातील पोकळीला जोडलेली असते. तिच्या नाजूक अस्तरात अर्बुद वाढू लागते. मग बैल डोके झटकतो, शिंग झाडाला घासतो, मान एका बाजूला कलती धरतो. त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त किंवा घाण स्राव येतो. शेवटी शिंग लोंबते. तोवर फार उशीर झालेला असतो.

लवकर कळले तर उपाय आहे. जागा बधिर करून पशुवैद्य शिंग बुडापासून कापतात. पण कपाळाच्या पोकळीत थोड्या पेशी मागे राहिल्या तरी रोग उलटू शकतो. कर्करोगाची पेशी शरीराचीच असल्याने पहारेकरी पांढऱ्या पेशी तिला सहसा हटकत नाहीत. म्हणून भारतीय पशुवैद्यांनी काढलेल्या अर्बुदाचाच फिनॉलच्या साहाय्याने अर्क करून तो त्याच बैलाला टोचून पाहिला. पहारेकऱ्याला चोराची ओळख पटवावी, तसे हे. गुण सर्वांना सारखा येत नाही. हा शस्त्रक्रियेला पर्याय नव्हे, जोड आहे. कुत्र्याच्या कण्यातील अर्बुद मज्जारज्जूला चिकटलेले असले की ते पुरते कापता येत नाही. तेथेही अशीच जोड शोधली जाते. कुत्र्यांच्या तोंडातील मेलॅनोमावरील लशीला अमेरिकेत २०१० साली पूर्ण परवाना मिळाला.

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे निघतात, त्यांतील काही अजून बैलगाडीने. उचल आधीच घेतलेली असते. एक बैल बसला की जोडी मोडते आणि उचल अंगावर राहते. पोळ्याला रोग कळला तर हाताशी दीड-दोन महिने असतात. तेवढ्यात जवळचा दवाखाना किंवा परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय गाठता येते.

कोणी म्हणेल, शिंग गेले की बैलाची शोभा गेली. खरे आहे, पण जू मानेवर असते, शिंगावर नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, यंदा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी दोन्ही शिंगांची बुडे हळूच दाबून पाहा, बोटाने ठोकून आवाज ताडून पाहा. फरक वाटला तर त्याच दिवशी वडिलांना सांगा. आणि गुरुजींनी हा धडा वर्गात नव्हे, गोठ्यात घ्यावा.