होम थिएटरचा धंदा : खोका विकायचा की फिटिंग?

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये होम थिएटर बसवून घेतले आणि मोठ्या हौसेने आम्हांला ऐकायला बोलावले. पाच स्पीकर, एक सबवूफर, रिमोट, निळे दिवे, सगळा सरंजाम होता. सिनेमा लावला. हिरो पडद्याच्या मधोमध उभा, पण त्याचा आवाज सोफ्यामागच्या भिंतीतून येत होता. मारामारी सुरू झाली तेव्हा कपाट थरथरले, पण शब्द एकही कळेना. गृहस्थ आमच्या तोंडाकडे पाहत होते. आम्ही चहाची तारीफ केली.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. टीव्हीतून अॅम्प्लिफायरला लाल-पांढऱ्या पिनांची साधी दोन चॅनलची वायर लावलेली. तोच आवाज अॅम्प्लिफायर सहाही ठिकाणी वाटून देत होता. पुढच्या दोन स्पीकरपैकी एकाची वायर उलटी होती. सबवूफर तर सुताराने नीटनेटके दिसावे म्हणून दार असलेल्या कपाटात बंद केलेला. गंमत अशी की वायरमनची केसिंग पट्टी ओळंब्याला लावल्यासारखी सरळ होती, सुताराच्या सनमायक्याला कुठे केसभर फट नव्हती, आणि सोफावाल्याची शिलाई पाहत राहावी अशी. तिघेही आपल्याच समाजातले, तिघेही आपापल्या कामात उस्ताद. पण साहेब बसणार कुठे, हा प्रश्न तिघांपैकी एकानेही विचारला नव्हता. दुकानदाराने तर खोका टेम्पोत चढवला आणि विषय संपवला.

आजचा आमचा विषय हाच आहे. हा धंदा आपल्या हातातला आहे, आणि तो आपण अर्धाच करतो.

चहूबाजूंनी आवाज ही काही कालची चीज नाही. १९७५ साली लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ लागला तो ७० एमएमवर, स्टिरिओफोनिक आवाजासह. उडवलेले नाणे खाली पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली पाहत, असे जुनी मंडळी अजून सांगतात. १९९२ साली सिनेमागृहांत डॉल्बी डिजिटल आले, १९९३ साली डीटीएस. १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी निघाली आणि तोच सहा वाटांचा आवाज घरात शिरला. ५.१ म्हणतात ते एवढेच : पुढे डावा, उजवा आणि मधला, मागे-बाजूला दोन, आणि ‘पॉइंट एक’ म्हणजे धडधडीसाठी सबवूफर. सातचे आणि छतातल्या स्पीकरचेही प्रकार निघाले आहेत, पण दहा बाय बाराच्या हॉलमध्ये गिऱ्हाइकाच्या गळ्यात ते मारणे आम्हांला पटत नाही.

या सहा वाटांत सर्वांत महत्त्वाचा स्पीकर मधला. संवाद बहुतेक त्यातूनच येतो. तो टीव्हीच्या लगेच खाली किंवा वर, फळीच्या पुढच्या कडेला हवा. सुतार बंधू तो शोकेसच्या आत सरकवतात, मग आवाज मडक्यातून आल्यासारखा येतो. डावा-उजवा टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. सोपा हिशेब असा की दोन्ही स्पीकर आणि ऐकणारा मिळून सारख्या तीन बाजूंचा त्रिकोण व्हावा. जागा कमी असेल तर तो थोडा लांबट चालतो. मागचे दोन स्पीकर खरे तर ‘मागचे’ नव्हेतच. ते कानाच्या बाजूला, जरासे मागे. आपल्याकडे सोफा बहुधा भिंतीला टेकलेला असतो. तिथे ते बाजूच्या भिंतींवर, कानापेक्षा फूट-दोन फूट वर लावावेत, आणि तोंड थेट कानात करू नये.

सबवूफरला कोपरा दिला की आवाज वाढतो, पण गुंजतोही. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा आवाज भिंतीभिंतींत अडकून घुमतो. कोणताही महागडा स्पीकर आणा, खोली बदलत नाही. जुनी युक्ती अशी की सबवूफर उचलून सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवावा, ठेक्याचे गाणे लावावे, आणि स्वतः गुडघ्यावर रांगत भिंतीकडेने ऐकत जावे. जिथे ठेका मोकळा आणि स्वच्छ ऐकू येतो तिथे सबवूफरची जागा. गिऱ्हाईक हसेल. हसू द्या, नंतर तोच दहा जणांना सांगेल.

मग अंतराचा हिशेब. आवाज एका सेकंदात साधारण ११३० फूट जातो. पुढचा स्पीकर नऊ फुटांवर आणि बाजूचा चार फुटांवर असेल तर बाजूचा आवाज सेकंदाच्या हजारातल्या चार-पाच भागांनी आधी पोहोचतो, आणि कान तेवढ्यानेही फसतो. चांगल्या रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरायची सोय असते. बरेच जण ती कधी उघडतही नाहीत. सोबत छोटा माइकही येतो, तो खोक्यातल्या थर्माकोलबरोबर कचऱ्यात जातो.

वायरिंगबद्दल थोडेच सांगतो, कारण वायरमन बंधू आमच्यापेक्षा जाणते आहेत. स्पीकरची वायर २३० व्होल्टच्या वायरबरोबर एका पाइपात घालू नये. आठ ओहमच्या स्पीकरला पंचवीसेक फुटांपर्यंत दीड स्क्वेअर एमएम पुरते, पुढे अडीच घ्यावी. वूफरची वायर उलटी आहे का हे पाहायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. आणि फ्लॅटचे प्लास्टर व्हायच्या आधी बिल्डरच्या साइटवर पोहोचून रिकामा पाइप टाकून ठेवला, तर पुढचे काम आपल्याकडेच येते.

आता एक कडवी गोष्ट. खोक्यावर छापलेले वॅट. ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा मोजण्याचे कोणतेही ठरलेले माप नाही. चार-पाच वॅटच्या स्पीकरवर हजाराचा आकडा त्याच्याच जोरावर छापला जातो. खरा आकडा आरएमएसचा. गिऱ्हाइकाला ते समजत नाही असे मानणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत. पण अॅम्प्लिफायरच्या पाठीवरची पट्टी कोणालाही वाचता येते. साठ वॅट वीज खाणारे यंत्र पाचशे वॅट सतत देऊ शकत नाही, एवढा हिशेब शाळेतला पोरगाही करतो. तोळ्याला तोळा मोजून देणारा सराफ आणि मापात कपडा फाडून देणारा बजाज आपल्या बाजारात आहेत. मग वॅटच्या बाबतीतच मापाला सूट का? आपल्याकडे आयसी, ट्रान्सफॉर्मर आणून अॅम्प्लिफायर जोडणारे कारागीर आहेत. त्यांनी पाटीवर खरे वॅट लिहावेत, आणि पाच स्पीकरना एकच आवाज वाटणाऱ्या सेटला ५.१ म्हणू नये. डीव्हीडीच्या काळात सहा पिनांचे इनपुट पुरत होते. आज सिनेमा टीव्हीतूनच येतो, तेव्हा डीकोडर सोबत द्या किंवा तो लागेल असे आधी स्पष्ट सांगा.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की आता सगळे साउंडबार घेतात, एवढा खटाटोप कोण करतो? खरे आहे. लहान घरात, भाड्याच्या खोलीत, चांगला साउंडबार पुरतो, आणि गिऱ्हाइकाला तसे सांगावे. पण ज्याने हॉलच्या फर्निचरवर लाखांनी खर्च केला त्याला आवाजही हवा असतो, आणि तो आज बाहेरच्या कंपनीच्या माणसाला बोलावतो. तो माणूस लेसर टेप घेऊन येतो, कागदावर नकाशा काढतो, आणि भिंत फोडायला, फळी ठोकायला, कापड चढवायला पुन्हा आपलीच पोरे रोजंदारीवर आणतो. दुसरा आक्षेप दुकानदारांचा : ऑनलाइनच्या भावात माल देता येत नाही. नका देऊ. खोक्याच्या भावात ती लढाई जिंकता येणार नाही असेच आमचे मत आहे. पण ऑनलाइनवाला घरी येऊन सोफा दोन फूट पुढे सरकवत नाही. फिटिंगचा दर वेगळा लिहा, बिलात वेगळी ओळ करा, आणि ती ओळ फुकटात सोडू नका.

यात सोफावाल्यांचाही वाटा आहे, तो कोणी मागत नाही म्हणून राहून जातो. उघडी फरशी, काच आणि रिकाम्या भिंती असल्या की आवाज ठणठणतो. जाड पडदा, गालिचा यांनी फरक पडतो. दोन इंची लाकडी चौकटीत रॉकवूल भरून वर कापड ताणले की भिंतीवरचा पॅनल तयार. कापड मात्र श्वास घेणारे हवे, तोंडाने फुंकून पाहावे, हवा पार गेली पाहिजे. रेक्झिन चढवले तर सगळी मेहनत वाया. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची जी सल्ला-मसलत चालते तिच्यावर विश्वास ठेवू नका. या पॅनलने धडधड थांबत नाही, शेजाऱ्याचीही सुटका होत नाही. तेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

कानाचे काम आपल्याला नवे आहे असे कोणी म्हणू नये. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांचे काम सोडून तंबोरा-सतार घडवायला घेतली, आणि जवारी काढताना घोडीवर कानस किती फिरवायची हे ते कानानेच ठरवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इथे तर कानाला मदत करायला माइक आहे, टेप आहे, मोबाइलमध्ये आवाज मोजायचे अॅप आहे.

त्या गृहस्थांच्या घरी आम्ही पुढच्या रविवारी तोच वायरमन आणि तोच सुतार घेऊन गेलो. अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे सहा इनपुट होतेच, कोणी वापरले नव्हते. एक डीकोडर आणि ऑप्टिकल केबल आणली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम होते ते डॉल्बी डिजिटलवर केले. उलटी वायर सुलटी झाली. सुताराने कपाटाचे दार काढले, मग सबवूफरच कपाटाबाहेर काढला, आणि थोडा नाराज होऊन मधल्या स्पीकरची फळी पुढे घेतली. बाजूचे दोन स्पीकर नव्या जागी गेले, जुन्या भोकांत लांबी भरली. संध्याकाळी सिनेमा लावला तेव्हा घरातल्या आजींनी विचारले, दारात कोण आले? कोणी आले नव्हते. वायरमनने पहिल्या वेळेपेक्षा दुप्पट मजुरी सांगितली, आणि गृहस्थांनी घासाघीस न करता दिली. आता तो कुठल्याही नव्या घरात भिंतीला छिन्नी लावण्याआधी सोफा कुठे येणार ते विचारतो.