आपल्याच मळीची 'विदेशी' रम

रम आणि कॉफीचं एक साधं कॉकटेल घरी कसं करायचं ते सांगतो. पण आधी थोडं राजकारण, कारण सातारा-सांगलीत रमवर बोलायचं म्हणजे उसावर बोलणं आलंच.

साखर काढून झाली की कारखान्यात उरते ती मळी. ती आंबवून डिस्टिलरीत स्पिरिट काढायचं, आपल्या देशातली बहुतेक रम त्याचीच. (स्वस्त भारतीय व्हिस्कीसुद्धा वर्षानुवर्षं मळीच्याच स्पिरिटवर चालत आलीय. युरोपात असल्या मालाला व्हिस्की म्हणू देत नाहीत. तेव्हा 'आपण रम घेत नाही, फक्त व्हिस्की' म्हणणाऱ्या पाव्हण्यांकडे बघून नुसतं हसावं.) तरी सरकारी कागदावर रम हे 'विदेशी मद्य'! जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा प्रकार आणला, तो धान्यापासूनच्या दारूचा. त्याच निर्णयात विदेशी मद्याचं शुल्क वाढलं. १८० मिलीची किमान किंमत विदेशीला २०५ रुपये, धान्यवालीला १४८. म्हणजे ज्वारी-मका महाराष्ट्राचा आणि ऊस परदेशातला? आपल्याकडच्या कारखानदार आमदारांना हे कुणीतरी विचारा राव.

बरं, सगळी चर्चा महसुलाची. माणसं पितात कशी, यावर कुणी बोलत नाही. आपल्याकडची रीत ठरलेली: ढाब्यावर चौघं, एक खंबा, चकणा, आणि रात्री अकराला बाईकवरून हायवेने घरी. घरी चोरून, बाहेर भरपूर. माझं मत उलटं आहे. ज्याला घ्यायचीच आहे त्याने घरी घ्यावी, थोडी घ्यावी, घरच्यांना माहीत असताना घ्यावी. घरातल्या बाईचा विरोध असेल तर विषय तिथंच संपला. महाराष्ट्रातल्या बायकांनी गावोगाव 'आडवी बाटली'ला मतं दिली ती हौस म्हणून नव्हे.

आता कृती. इन्स्टंट कॉफी दोन चमचे, अर्धा कप गरम पाण्यात. त्यातच चमचाभर गूळ विरघळवायचा. साखर चालते, पण गुळाने रमची चव खुलते. दोघी एकाच घरच्या. कॉफी पूर्ण गार होऊ द्या, इथं घाई केली की बर्फ वितळून सगळं पाणचट होतं. मग घट्ट झाकणाच्या बरणीत कॉफी, तीस मिली रम आणि पाच-सहा बर्फाचे खडे टाकून चांगलं हलवायचं. वर फेस आला की गाळून ग्लासात. वरून जायफळ किसून चिमूटभर. आपल्या घरच्या कॉफीत जायफळ असतंच, इथंही तेच लागतं. दूध नको.

गडद रंगाची कुठलीही रम चालते. साताऱ्याकडे माजी सैनिकांच्या घरी कँटीनच्या कोट्यातली असते. त्याने बोलावलं तर जा, बाटली विकत मागू नका.

तीस मिली म्हणजे औषधाच्या टोपणाने मोजून, अंदाजाने नाही. आणि एकच ग्लास. कॉफीने झोप उडते, नशा उतरत नाही. उलट आपण शुद्धीत आहोत असं वाटत राहतं आणि माणूस गाडीची किल्ली शोधायला लागतो. हे प्यायल्यावर गाडी नाही म्हणजे नाही, दूध आणायलासुद्धा नाही.

परवाना मात्र काढा. १९४९ च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात स्वतःच्या घरात बसून प्यायलाही तो लागतो, आणि रमसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण हवीत. एका दिवसाचा पाच रुपयांत, आजन्म हवा तर हजार रुपयांत. कायद्याचं नाव दारूबंदी आणि त्यात आजन्म पिण्याचा परवाना, हे फक्त आपल्याकडेच सुचू शकतं.